न सापडणारे चेअरमन

मी इथे बरीच वर्षं नुसती वाचक आहे. तुमचे अनुभव चहाबरोबर वाचते आणि खरं सांगायचं तर निम्म्यांवर हसते... राग मानू नका, माझं कामच तसं आहे. मी मायक्रोबायोलॉजीवाली. न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला राहते, तिथल्याच 'ते रापा' भागात दुधाच्या फॅक्टरीतल्या लॅबमध्ये नोकरी करते. डोळ्यांना जे दिसत नाही ते दिवसभर मोजायचं, आणि जे मोजता येत नाही ते नाहीच असं धरून चालायचं. माझ्या सासूबाई, म्हणजे माई, आमच्या लेकीची, ईराची दृष्ट काढायच्या, तेव्हा मिरच्यांचा ठसका का लागत नाही यावर मी त्यांना लेक्चर दिलं होतं. त्या म्हणाल्या, "बरं बाई, तुझं खरं," आणि दुसऱ्या दिवशी परत मीठ-मोहऱ्या घेऊन बसल्या.

तर भुतं, आत्मे, व्हायब्रेशन्स यातलं काही मी मानत नव्हते. आजही मानते असं म्हणणार नाही. जे झालं ते जसंच्या तसं सांगते, तुम्हीच ठरवा.

आधी नाना कोण ते सांगते. नाना म्हणजे माझे सासरे, वय ऐंशीच्या घरात. सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या गावचे माजी नगराध्यक्ष. 'माजी' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायचा नाही. गावात पाण्याची टाकी आणली ती यांनी. टाकीला कोनशिला होती, त्यावर यांचं नाव होतं. पुढच्या निवडणुकीत हे पडले आणि नवीन अध्यक्षांनी टाकीला रंग देताना कोनशिलाच बदलून टाकली. हे दुःख नानांनी हॅमिल्टनपर्यंत बरोबर आणलं होतं. आमच्याकडे जेवायला येणाऱ्या प्रत्येक माणसाला, भाजी पोहोचायच्या आत, कोनशिलेची गोष्ट ऐकावी लागायची.

नाना आणि माई आमच्याकडे आले ते सहा महिन्यांसाठी. मग माईंचं आजारपण निघालं आणि मुक्काम लांबत गेला. गेल्या वर्षी माई इथेच गेल्या. सगळं नीट झालं, इथली आपली माणसं धावून आली, क्रिमेटोरियममध्ये भटजीही मिळाले. अडलं ते अस्थींपाशी.

नानांचं म्हणणं एकच, अस्थी कृष्णेत जाणार आणि त्या मी स्वतः सोडणार. इथल्या नदीत सोडायचा प्रश्नच नव्हता. वायकाटो नदी माओरी लोकांना पूर्वजांसारखी आहे, तिच्यात राख सोडलेली त्यांना चालत नाही, आणि ते नानांनाही पटलं होतं. रोहन म्हणजे माझा नवरा. तो म्हणाला, मी एकटा जाऊन येतो. तर नाना उखडलेच. "मी जिवंत असताना तिला पार्सल करणार का?" आणि नानांना विमानात बसायला डॉक्टरांची साफ ना. हृदय इतकं कमजोर की जिन्याच्या मध्यावर थांबतात. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं होतं, एवढा लांबचा प्रवास यांना झेपणार नाही.

तोवर कलश कुठे ठेवायचा? आपल्याकडे घरात ठेवत नाहीत, झाडाला बांधतात. रोहनने गॅरेजमध्ये वरच्या फळीवर ठेवला. नाना म्हणाले, "ती काय लॉनमोअर आहे?" शेवटी त्यांच्याच खोलीतल्या कपाटात, हिवाळ्याच्या ब्लँकेट्सच्या मागे ठेवला. त्या दिवसापासून नाना कपाटाकडे पाठ करून झोपायला लागले. बोलणं कमी झालं, जेवण निम्म्यावर आलं. आणि एके दिवशी रोहनच्या मागे हात धुवून लागून त्यांनी तिकीट काढायला लावलं. वन वे! मी रोहनवर जाम भडकले. तो म्हणाला, "प्राजक्ता, मी नाही म्हटलं तर ते उपाशी राहतात. काय करू?" विमानातून नाना जिवंत उतरणार नाहीत हे आम्हा दोघांनाही कळत होतं. बोलायचं धाडस मात्र कुणालाच होत नव्हतं.

आता कबरींचं प्रकरण. माझ्या लॅबमधून रिटायर झालेली मॅरियन नावाची बाई आहे, आमची जुनी मैत्रीण. ती इथल्या एका इतिहास मंडळात असते. पूर्वी या भागात काउंटी असायच्या, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारखं काहीतरी. आता नाहीत त्या. मंडळाला एक प्रदर्शन करायचं होतं, आपल्या काउंटीचे सगळे जुने चेअरमन आणि कौन्सिलर कुठे कुठे पुरलेत, त्या कबरींचे फोटो. माझ्याकडे चांगला कॅमेरा आहे हे मॅरियनला ठाऊक, त्यामुळे मी सापडले.

पहिल्या शनिवारी निघताना नाना सोफ्यावर भिंतीकडे बघत बसलेले. मी सहज म्हटलं, "नाना, येता का? इथल्या माजी अध्यक्षांच्या समाध्या बघायला जातेय."

माणूस ताडकन उठला. टोपी, काठी, पाण्याची बाटली... पाच मिनिटांत गाडीत.

खरं सांगते, ते शनिवार मजेत गेले. मी फोटो काढायची आणि नाना मागे हात बांधून पाहणी दौरा करायचे. प्रत्येक चेअरमनसमोर उभं राहून नमस्कार. मग दगडावरचं इंग्रजी ओठ हलवत वाचायचं. इंग्रजी त्यांना वाचता येतं, बोलायला तुटक येतं. "अरे वा, खूप वर्षं खुर्चीवर होता. भाग्यवान." एका भल्या मोठ्या ग्रॅनाइटच्या खांबासमोर म्हणाले, "हा बघ. याच्यावर ठेकेदार खूश होता." एका ठिकाणी रस्त्याच्या दोन बाजूंना दोन चेअरमन समोरासमोर पुरलेत. मॅरियनने सांगितलं की एकमेकांचे कट्टर विरोधक. नाना पोट धरून हसले. माई गेल्यापासून ते पहिल्यांदाच हसत होते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील. इथे माओरी लोक दफनभूमीतून बाहेर पडताना हातावर पाणी घेतात, आपण स्मशानातून आल्यावर आंघोळ करतो तसंच. म्हणून बऱ्याच सिमेटरींच्या फाटकाशी नळ असतो. नानांना हे फार आवडलं. "सुधारलेले लोक आहेत," म्हणाले. दुसरी गोष्ट नानांच्या बाटलीची. प्रत्येक अध्यक्षाच्या पायथ्याशी ते थोडंसं पाणी ओतायचे. मी विचारलं का, तर म्हणाले, "पाहुण्याने रिकाम्या हाताने जायचं नसतं."

सगळे सापडत गेले, एक सोडून. त्याचं खरं नाव देत नाही, आपण फक्त 'चेअरमन' म्हणू. काउंटीतला सगळ्यात गाजलेला. निम्मे पूल, रस्ते, दोन हॉल याच्या काळातले आणि प्रत्येकावर याच्या नावाची पाटी. पण कबर कुठेच नाही. जिथे तो राहायचा त्या भागातली जुनी दफनाची कागदपत्रं आगीत गेलेली. मॅरियन म्हणायची, "एवढ्या मोठ्या माणसाचा दगड लपेल कसा?" नानांना तर चैनच पडेना. घरी आल्यावर विचारायचे, "सापडला का गं अध्यक्ष?" जणू पक्षाचा माणूस बेपत्ता झालाय.

एका शनिवारी आम्ही अगदी वेगळ्याच कामाला गेलो होतो. हॅमिल्टनच्या ईशान्येला, मोठा रस्ता सोडून खडीच्या रस्त्याने आत गेलं की एका टेकाडावर छोटी सिमेटरी आहे. चारी बाजूंनी गाईंची कुरणं, एका अंगाला मॅक्रोकार्पाची जुनी काळी झाडं, लाकडी फाटक. तिथे एका साध्या कौन्सिलरची कबर होती, तिचा फोटो हवा होता. सकाळचे अकरा वाजले असतील. स्वच्छ ऊन, थंडी, वारा अजिबात नाही. वातावरण वगैरे काही नव्हतं हो. शेजारच्या कुरणात शेतकऱ्याची चारचाकी क्वाडबाइक फिरत होती.

आधीच्या सिमेटरीत नानांनी बाटली रिकामी केली होती. हे मला पक्कं आठवतंय, कारण वळणावर ती सीटखाली गडगडत होती आणि मी वैतागून ती उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली होती. त्यांना चढ नको म्हणून मी त्यांना फाटकाशी थांबायला सांगितलं आणि वर गेले.

कौन्सिलरसाहेबांचा दगड पार वरच्या टोकाला. फोटो काढताना मी सहज खाली पाहिलं. फाटकाशी नळाजवळ नानांसोबत एक बाई उभी होती. वयस्कर, राखाडी कार्डिगन, पायात गमबूट. इथल्या कुठल्याही शेतावर दिसेल अशी बाई. ती वाकून नळाशी काहीतरी करत होती आणि नाना टोपी हातात घेऊन उभे होते. नाना टोपी फक्त देवासमोर आणि कलेक्टरसमोर काढतात, त्यामुळे मला हसू आलं. मी वरूनच हात केला. बाईने वर पाहिलं की नाही आठवत नाही.

मी आणखी एक-दोन फोटो काढून खाली आले तर नाना एकटेच. दुसरी गाडी नाही. रस्ता दोन्हीकडे लांबवर दिसतो, रस्त्यावर कुणी नाही. म्हटलं, गेली असेल कुरणातून. शेतकऱ्यांच्या बायका कुंपणं काय, अशा ओलांडतात.

"कोण होत्या नाना?"

नाना म्हणाले, "चल, अध्यक्ष दाखवतो."

"कोण अध्यक्ष?"

"तुझा हरवलेला. ये."

आणि निघाले की! जो माणूस जिन्याच्या मध्यावर थांबतो, तो गवतातून काठी टेकत थेट मॅक्रोकार्पाखाली गेला. तिथे गुडघ्याएवढा एक दगड, शेवाळलेला. मी हाताने शेवाळ घासलं. वर एकच शब्द कोरलेला... EDITH. आडनाव नाही, तारीख नाही, काही नाही.

"नाना, अहो, ही तर कुणी एडिथ आहे."

"त्याच म्हणाल्या. 'द चेअरमन इज विथ मी.'"

"त्याच म्हणजे? त्या बाई?"

"हो. फाटकातून बोटाने हा दगड दाखवला. नाव नाही घेतलं त्याचं. चेअरमनच म्हणाल्या." आणि मग स्वतःशीच म्हणाले, "आमच्या हिने तरी कुठे कधी घेतलं."

मला वाटलं, त्या बाईने काहीतरी वेगळंच सांगितलं असेल आणि नानांनी आपल्या परीने अर्थ लावला. म्हाताऱ्या माणसाचं मन राखावं म्हणून एडिथचाही एक फोटो काढला. निघताना मी हात धुवायला नळ फिरवला, तर ठणठणीत कोरडा. म्हटलं टाकीतलं पाणी संपलं असेल. गाडीत बसले तर नानांच्या मांडीवर बाटली गच्च भरलेली, पँट ओली.

"पाणी कुठलं?"

"नळाचं," नाना म्हणाले. ती बाटली त्यांनी प्यायली नाही. घरी गेल्यावर कपाटात, कलशाशेजारी ठेवून दिली.

मी फोटो मॅरियनला पाठवले. खाली गमतीत लिहिलं, माझ्या सासऱ्यांच्या मते चेअरमन एडिथपाशी आहेत. तिचा लगेच फोन आला. आवाज बदललेला. "प्राजक्ता, चेअरमनच्या बायकोचं नाव एडिथ होतं. ती त्याच्या आधी बरीच वर्षं गेली. तुला हे कोणी सांगितलं?"

पुढच्या आठवड्यात मॅरियन स्वतः आमच्याबरोबर तिथे आली. फाटकाशी मी म्हटलं, "त्या दिवशी हा नळ माझ्यावर रुसला होता." ती म्हणाली, "हा? हा तर कित्येक वर्षं बंद आहे. टाकी फुटली म्हणून काढून नेली." मी नळाच्या खांबामागे जाऊन पाहिलं. पाइप जमिनीच्या वीतभर वर कापलेला, तोंड मोकळं, आत कोळ्याचं जाळं.

घरी आल्यावर मी काय केलं असेल? टेस्ट! पोहण्याच्या टाकीसाठी मिळतात त्या क्लोरीनच्या पट्ट्या माझ्याकडे होत्या. नाना आंघोळीला गेल्यावर त्यांच्या बाटलीतलं टोपणभर पाणी घेतलं. त्याच शनिवारी घरून भरलेली माझी स्वतःची बाटली गाडीत तशीच पडून होती, ती कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेला, घेतली. हॅमिल्टनच्या नळाला क्लोरीन असतं. माझ्या बाटलीत फिकट का होईना, रंग आला. नानांच्या बाटलीत काहीच नाही. म्हणजे ते घरचं पाणी नव्हतं. पावसाच्या टाकीतलं असतं तसं साधं, स्वच्छ पाणी. आता मी पट्टीवर विश्वास ठेवणारी बाई, पट्टीशी भांडणार कशी?

मॅरियनने मग चेअरमनची नात शोधून काढली. जोन नाव, स्वतःच नव्वदीला टेकलेली, जवळच्याच एका वृद्धाश्रमात असते. आम्ही तिघं भेटायला गेलो. मी नानांना बजावलं होतं, तिथे भलतंसलतं बोलायचं नाही.

जोनला फोटो दाखवला तर ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग सांगायला लागली आणि मी नानांना मराठीत सांगत गेले. आजोबा तिथेच आहेत, आजीच्याच खड्ड्यात. आजी गेली तेव्हा ते म्हणाले होते की, मी माझं नाव पुरेशा दगडांवर कोरून घेतलं, हिचं एकावरही नाही. हा दगड फक्त तिचा. माझं आडनावसुद्धा नको त्यावर. मी येईन तेव्हा गुपचूप येईन. आणि तसंच केलं. अंत्यविधीला घरचे चार जण, भाषण नाही, पाटी नाही. "आता हे माहीत असलेली मी शेवटची," जोन म्हणाली.

मी विचारलं, तिथे तुमच्या नात्यातलं कोणी येतं का... एखाद्या वयस्कर बाई? ती म्हणाली, "कोण येणार? कुणी उरलंच नाही."

मग नाना बोलले. मी नको नको म्हणेपर्यंत विचारूनही मोकळे. "शी सेड चेअरमन? नॉट नेम?"

जोनने नानांकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. "हे कसं ठाऊक तुम्हाला? आजी कधीच त्यांना नावाने हाक मारायची नाही. आयुष्यभर 'द चेअरमन'. चेअरमन जेवायला या. चेअरमन, तुमचे बूट काढा. आम्ही मुलं हसायचो."

मी हे नानांना मराठीत सांगितलं. नानांनी मात्र नुसती मान हलवली, ठाऊक असलेली गोष्ट कुणी परत सांगावी तशी. मॅरियनने माझा हात घट्ट धरला होता.

त्या संध्याकाळी रोहन ऑफिसमधून आला. नाना स्वतःहून स्वयंपाकघरात आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "ते तिकीट रद्द कर."

रोहन बघतच राहिला. "नाना, मग आईच्या..."

"तिला इथेच ठेवायची. त्या टेकडीवर. जागा मिळते का बघा."

"मातीत? नाना, आपल्यात..."

"ठाऊक आहे आपल्यात काय असतं. मी मेलो की माझी राखही तिथेच, तिच्या शेजारी. आता वाढ गं प्राजक्ता, भूक लागलीय."

मी पोळ्या लाटत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं ते येऊ दिलं. नाना त्या दिवशी चार पोळ्या जेवले, तेव्हा मी माझ्या नवऱ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघंही परत ताटात बघायला लागलो.

गावाकडून धाकट्या काकांचा फोन आला. अस्थी परक्या मुलखात, त्याही पुरायच्या, लोक काय म्हणतील? नानांनी फोन स्पीकरवर टाकला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. "लोकांनी मला निवडणुकीत पाडलं होतं ना? मग आता त्यांचं काय विचारतोस?" शेवटी चिमूटभर अस्थी रोहन घेऊन जाऊन कृष्णेत सोडून आला, म्हणजे काकांचंही समाधान. बाकीच्या टेकडीवर.

जागा मिळाली, मॅक्रोकार्पापासून जवळच. प्रश्न आला दगडाचा. कौन्सिलच्या ऑफिसातली मुलगी म्हणाली, आमच्या रेकॉर्डला सर्टिफिकेटवरचं नाव लागेल, दगडावर काय कोरायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी कागदावर लिहायला घेतलं, विमल, पुढे नानांचं नाव, पुढे आडनाव. इतकी वर्षं माईंच्या व्हिसाचे, हॉस्पिटलचे फॉर्म मीच भरत होते, हात सवयीने चालला.

नानांनी माझा हात धरला. "विमल नको."

"मग?"

"ते मी ठेवलं होतं. लग्नात, तांदळात अंगठीने लिहून. तिला कुणी विचारलंही नव्हतं." मग म्हणाले, "द्वारका. तिचं नाव द्वारका."

लग्न होऊन इतकी वर्षं मी या घरात आहे. माई नानांना 'अहो' म्हणायच्या आणि नाना माईंना 'ऐकलंस का' म्हणायचे. विमल हे नावसुद्धा त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. द्वारका तर रोहनलाही माहीत नव्हतं! तो माझ्याकडे, मी त्याच्याकडे, आणि ती ऑफिसातली मुलगी आमच्या तिघांकडे बघत राहिली.

"खाली तुमचं, नाना?" रोहनने विचारलं.

"नको. फक्त तिचं," नाना म्हणाले.

आता टेकडीवर एक छोटा दगड आहे. मराठीत आणि इंग्रजीत, द्वारका. ज्या दिवशी बसवला त्या दिवशी नानांनी कपाटातली ती बाटली आणली होती. अर्धी द्वारकेच्या दगडापाशी ओतली, अर्धी एडिथच्या. मॅरियनने प्रदर्शनात चेअरमनच्या नावाखाली फोटो लावलाच नाही. 'पत्नीजवळ' एवढंच लिहिलं.

राहता राहिला माझा हिशेब. बाई शेजारच्या शेतावरची असू शकते? मॅरियनने आजूबाजूच्या घरांत चौकशी केली, असं कुणी नाही. नानांना कुठून तरी चेअरमनचं घरचं नाव कळलं असेल? त्यांना शेजाऱ्यांशी हवापाण्याचं बोलतानाही मी लागते. मनाचे खेळ म्हणावेत, तर मनाचे खेळ बाटली भरत नाहीत आणि त्या बाईला वरून मी स्वतः पाहिलंय. गमबूट घातलेली, दिवसाढवळ्या. लॅबमध्ये असा रिझल्ट आला असता तर मी सॅम्पल परत मागवलं असतं. इथे कुणाकडे मागवू? दर वेळी तिथे गेले की मी तो नळ फिरवून बघते. कोरडाच असतो. आहे हे असं आहे.

एक गोष्ट मात्र नानांनी दगड बसवलेल्या दिवशी, परत येताना गाडीत सांगितली. मी विचारलं होतं, "नाना, त्या बाई तेवढंच बोलल्या होत्या? चेअरमन माझ्यापाशी आहेत, एवढंच?"

नाना खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "अजून एक विचारलं त्यांनी."

"काय?"

"'अँड योर्स?' म्हणाल्या. तुमची कुठे आहे?"

मी गाडी हळू केली. नानांची बायको गेलीय हे त्या बाईला कोण सांगणार होतं?

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"खोटं कसं बोलायचं? म्हटलं, 'इन कपबर्ड.'" नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती गं. पडलो तेव्हाही नाही."

"त्या काय म्हणाल्या?"

"काही नाही. माझ्या हातातली बाटली घेतली, नळ सोडला, आणि भरून दिली."